कोंडाबाईच्या नावावरची फणी

आधी कोंडाबाईचं नाव लिहितो. संपादकांनी दिवाळी अंकासाठी चुन्याच्या धंद्यातले अनुभव मागितले आहेत, ते पुढे येतीलच. पण हे नाव खाली कुठे तरी आलं तर मला चैन पडणार नाही. नांदेडच्या नदीकाठच्या भोईगल्लीत राहणारी, गोदावरीतल्या शिंप्या वेचून आमच्या भट्टीवर आणणारी ही बाई. तिच्यामुळे मी या गावात राहिलो. नाही तर निजामाच्या अमलात मला कधीच सरहद्दीबाहेर सोडून आले असते, आणि मग मी कुठे, काय करत असतो, कुणास ठाऊक. माझी शाळा चौथीत सुटली. लिहिण्यात चुका असतील, त्या संपादकांनी नीट कराव्यात. कोंडाबाईबद्दलचं मात्र आहे तसं ठेवावं.

मी मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. आमच्या घरात तीन पिढ्या एकच काम चाललं: खाडीतली कालवं-तिसऱ्या काढायच्या, खायच्या, आणि कवचं चुन्याच्या भट्टीला घालायची. आजोबा सांगत की त्यांच्या लहानपणी ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहून टोपली भरायची. वडिलांना त्याच टोपलीसाठी होडी काढावी लागे आणि लांब बांबूला लोखंडी दात बसवलेली फणी तळातून ओढावी लागे. माझ्या वेळेला फणीला चिखल येऊ लागला. होडी अंगणात उपडी पडली, माझी शाळा सुटली, आणि गावचा एक जण नांदेडला रेल्वेत होता, त्याच्या मागे मी इकडे आलो. समुद्राचं पोर इतक्या आत, जिथे लोक मीठसुद्धा जपून वापरत, तिथे काय करणार? पण कवच आणि भट्टी एवढं मला येत होतं, म्हणून नदीकाठच्या चुन्याच्या भट्टीवर कामाला आणि हिशेब लिहायला राहिलो.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चुना दोन तऱ्हेचा. जमिनीतल्या कंकराचा चुना घर बांधायला. पानाला लावायचा तो शिंपीचा. कंकराचा लावला तर पान मातकट लागतं. भट्टीत गोवऱ्यांचा थर, कोळशाचा थर, शिंप्यांचा थर, असं वरपर्यंत रचायचं आणि पेटवायचं. भाजलेली शिंपी दिसायला तशीच राहते, पण हातात घेतली की पिसासारखी हलकी. तिच्यावर पाणी शिंपडलं की ती तडतडते, वाफ सोडते आणि फुलून पीठ होते. हे पीठ मडक्यात भिजवायचं, फडक्यातून गाळायचं, ताकाची निवळ घालून मुरू द्यायचं. घाई केली तर खाणाऱ्याची जीभ सोलून निघते.

कोंडाबाईशी माझी ओळख झाली ती या तडतडण्यातूनच. पहिल्याच आठवड्यात पाणी शिंपडताना एक खडा उडून माझ्या डोळ्यात गेला. मी डोळा चोळायला हात उचलला, तेवढ्यात मागून कुणी तरी माझे केस धरले आणि फरफटत नदीवर नेऊन माझं तोंड पाण्यात दाबलं. वर काढलं, पुन्हा दाबलं. मला वाटलं, मारतात मला. श्वास आला तेव्हा समोर पन्नाशीची, लाल दातांची, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली बाई उभी होती.

"चोळला असतास तर डोळा भाजला असता," ती म्हणाली. "कुठला रं तू?"

मी समुद्राकडचा म्हटल्यावर तिला फार गंमत वाटली. समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का, मग तुम्ही पिता काय, असं सगळं विचारून झालं. तेव्हापासून मी तिचा 'खाऱ्या' झालो. भट्टीवरच्या सगळ्या बाया मला तसंच म्हणू लागल्या. मी तिला माय म्हणू लागलो.

या भोयांची शिंप्या काढायची रीत मला आळशी वाटायची. पूर ओसरला की वाळूच्या दांड्यावर पडलेल्या रिकाम्या शिंप्या आधी वेचायच्या. जिवंत काढायच्या त्या कडेच्या पाण्यात, पायाच्या बोटांनी चाचपून. तीन बोटांपेक्षा लहान लागली तर तिथेच सोडायची. डोहाच्या मध्यात जायचंच नाही. आणि सगळ्यात नवल म्हणजे लेकुरवाळा मासा. थंडी सरताना जाळ्यात आलेल्या माशाचे गाल उघडून बघत. आत पांढरे बारीक दाणे चिकटलेले दिसले की तो मासा लेकुरवाळा, म्हणजे परत पाण्यात. नर असला तरी लेकुरवाळाच. मी हसलो, तेव्हा कोंडाबाईनं मला समजावलं की ती शिंपीची पोरं. शिंपीला पाय नसतात, मासा तिच्या लेकरांना फिरवून आणतो आणि जागा बघून उतरवतो. माझ्या मनात आलं, खेडवळ समजूत. आमच्या खाडीत भरतीबरोबर पिल्लं आपोआप येतात, इथे पुराबरोबर येत असतील. माझी सगळी चूक या एका वाक्यात आहे. समुद्राचं शिकलेलं मी नदीला लावलं.

लातूरकडे आमच्या पानाच्या चुन्याला मागणी होती. मालकांना माल वाढवायचा होता, आणि मला मालकांची मर्जी हवी होती. ही मर्जी कशासाठी, ते सांगायला हवं. मी गैरमुलकी, म्हणजे संस्थानाबाहेरचा. खाजगी नोकरीला मुलकी दाखला लागत नसे, पण गैरमुलकी माणसाविरुद्ध तक्रारीची एक दरखास्त गेली की त्याला उचलून हद्दीपार करतात असं सगळे म्हणत. खरं किती होतं देव जाणे; मला भीती पुरेशी होती. माघारी जाऊन करायचं काय? अंगणातली होडी उपडीची सुलटी? मालक म्हणाले होते, माल वाढव, तुझ्या दाखल्याचं मी बघतो.

मग मी लोहाराकडे गेलो आणि वडिलांची फणी आठवून तशी एक करून घेतली. बारा दात, मागे सुतळीची झोळी. लोहारानं विचारलं, हे कुठल्या पिकाचं औत? मी म्हणालो, पाण्यातल्या.

पहिल्या वर्षी भट्टीपुढे शिंप्यांचा डोंगर झाला. मालकांनी मला पेढीवर झोपायला जागा दिली. मी कोंडाबाईला विचारलं, वर अजून कुठे डोह आहेत? दोन कोसांवर एक आहे, ती म्हणाली, पण तिथे एक बाळंतीण बुडालीय, होडी धरून ओढते. मी तिकडे फिरकलो नाही. दुसऱ्या वर्षी शिंप्या बारीक यायला लागल्या. झोळीत तीन बोटांची एक, तर नखाएवढ्या शंभर. मी त्याही भट्टीत घातल्या. कोंडाबाई भांडली नाही. आपल्या वाट्याच्या, कडेच्या शिंप्या आणत राहिली. फक्त तिचं टोपलं दर खेपेला जरा हलकं असे आणि ती ते माझ्यासमोर मुद्दाम आपटून ठेवी.

हे पहिल्यांदा कुणी ओळखलं असेल तर लातूरच्या हुसेनचाचांनी. ते गोलाईजवळचे तांबोळी, आमचं जुनं गिऱ्हाईक आणि मोठं विचित्र. मी वर्षातून दोनदा गाड्यांबरोबर लोहा, अहमदपूर करत लातूरला जात असे. दुकानात पोचल्यावर चाचा आधी पाणी देत, मग घरची खुशाली विचारत, मग डोळे मिटून करंगळीवर चुना घेऊन जिभेला लावत. तोवर गाडीतून एक मडकं उतरवायचं नाही. त्या खेपेला त्यांनी चाटलं, थुंकलं, पुन्हा चाटलं.

"बेटा, बच्चे जलाये क्या?" ते म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की मोठ्या शिंपीचा चुना लोण्यासारखा लागतो. कोवळी शिंपी पातळ, भट्टीत मोठीबरोबर ठेवली की करपते, मग कितीही गाळा, जिभेला चुरचुर लागतेच. चाळीस वर्षांत असा चुना नांदेडहून आला नव्हता. "दर्या में क्या हुआ?" त्यांनी विचारलं. ते गोदावरीला दर्याच म्हणत. सगळी मडकी परत गेली. तीनशे मैलांवरचं आमच्या खाडीचं दुखणं मला त्या बाकावर बसल्या बसल्या आठवलं, पण मी स्वतःला सांगितलं की यंदा आच जास्त झाली असेल.

परत आलो तर मालकांनी नवा हौद खणायला घेतला होता. पुरुषभर खोल गेल्यावर कुदळ शिंप्यांवर आपटली. जुनी खापरं, राख, आणि त्यात शिंप्या. तळहाताएवढ्या, जाडजूड. कुणी, कधी, किती पिढ्यांपूर्वी खाऊन टाकलेल्या, कोण सांगणार? मी खड्ड्यात उतरलो. सगळ्यात खालचा थर तळहाताचा. त्याच्यावरचा चार बोटांचा. वरचा तीन बोटांचा. आणि काठावर माझा ढीग, नखांचा. आमच्या गावी देवळामागे अशीच टेकडी आहे, तिच्यावर मी लहानपणी खेळलो, पण तिला आतून कधी बघितलं नव्हतं. खाली मोठी, वर लहान. माणसं किती काळ घेत आली होती, आणि तरी नदीनं तीन बोटांवर तग धरला होता. तिला नखावर मी आणलं, दोन वर्षांत.

कोंडाबाई काठावरून बघत होती. "दिसलं का?" एवढंच म्हणाली.

तिसऱ्या उन्हाळ्यात डोहाचं पाणी हिरवं पडलं. आधी तळाची वाळू दिसायची, आता हात बुडवला तर बोटं दिसेनात. शिंपी पाणी गाळते हे भोयांना ठाऊक होतं, मला नव्हतं. मासे कमी झाले, काठच्या वस्तीत पोटाचे आजार निघाले. कोंडाबाईचा पुतण्या मसाजी, गल्लीतला करता माणूस, त्यानं तहसिलीत दरखास्त दिली. त्यात चूक काहीच नव्हतं. डोहावर वहिवाट भोयांची, परक्यानं त्यात हत्यार घालायचं नाही. एका गैरमुलकी कारकुनानं लोखंडी फणी घालून डोह नासवला, त्याला हद्दीबाहेर काढावं.

तहसिलीतले पेशकारसाहेब चौकशीला येणार त्याच दिवशी मालकांना धर्माबादला तातडीचं काम निघालं. मी एकटा. माझी ट्रंक मी सकाळीच बांधून ठेवली होती. आत दोन सदरे, आईचं एक पत्र आणि का कोण जाणे, तळहाताएवढी एक शिंपी.

काठावर खुर्ची टाकली होती. समोर फणी. भोईगल्ली सगळी जमली होती. पेशकारांनी दरखास्त वाचून दाखवली आणि ही चीज कुणाची, असं विचारलं. मसाजीनं माझ्याकडे बोट केलं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आवाज फुटला नाही. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून कोंडाबाई पुढे आली.

"फणी माझी हाय, सायब."

पेशकारांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. "लोहाराकडून म्या करून घेतली, डोह आमचा, फणी आमची. ह्यो खाऱ्या नुस्ता नावंत बसायचा, त्याला पोहताबी येत न्हाई." समुद्राच्या माणसाला पोहता येत नाही हे ऐकून शिपाईसुद्धा हसला. मसाजी ओरडला, "काकू, काय बोलून राहिलीस?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "खरं बोलून राहिले. ल्ह्या सायब."

भोयाच्या डोहात भोईणीची फणी, म्हणजे परक्याचा प्रश्न उरला नाही आणि दरखास्तीत दम राहिला नाही. पेशकारांनी फणी जप्त केली, कागदावर तिचं नाव लिहिलं, अंगठा घेतला आणि गेले. मसाजी खाली थुंकला आणि निघून गेला. त्यानं त्यानंतर कित्येक वर्षं काकूशी शब्द काढला नाही. त्याच्या पोरीच्या लग्नात सगळ्या गल्लीला बोलावणं होतं, हिला नव्हतं. लग्नाच्या दिवशी ती भट्टीवर आली आणि नेहमीसारखं टोपलं आपटून ठेवलं.

पण आधी चौकशीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी तिच्या पायावर डोकं ठेवायला गेलो तर तिनं पाय मागे घेतले. मी विचारलं, माय, असं का केलंस?

"तू गेलास तर मालक दुसरा आणंल," ती म्हणाली. "त्याला लाज असंल का न्हाई, कुणाला ठावं? तुला हाय. त्या खड्ड्यात उतरलास तवा तुझं तोंड बघितलं म्या. आता डोह तूच भरायचा. चल ऊठ."

आणि तिनं मला त्या दोन कोसांवरच्या डोहावर नेलं. मी बाळंतिणीची आठवण दिली. कुणी बुडालं नव्हतं, ती म्हणाली. माझी फणी तिकडे येऊ नये म्हणून तिनं ती बाई बुडवली होती. कडेच्या पाण्यात पाय घातला तर बोटाखाली शिंप्याच शिंप्या.

पुढची चार वर्षं माझं खरं शिक्षण झालं. बायांनी जिवंत शिंप्या आणणं बंद केलं. मालक चिडले, मग मुकाट्यानं कंकराच्या चुन्याकडे वळले; लातूरला फक्त पुरात आलेल्या रिकाम्या शिंप्यांची थोडी मडकी जात राहिली. भट्टीचं काम आटोपलं की ओल्या गोणपाटात जिवंत शिंप्या भरून मी वरच्या डोहातून खाली आणायच्या, एकेक वाळूत उभी रोवायची. आणि थंडी सरताना लेकुरवाळे मासे मडक्यात घालून आणायचे. पहिल्या खेपेला मी हुशारी केली, भट्टीवरची रिकामी मडकी धुऊन घेतली. निम्म्या वाटेवर सगळे मासे पोट वर करून तरंगू लागले. मडक्याच्या अंगात मुरलेला चुना धुऊन जात नाही, हे मला, चुन्याच्या माणसाला, कळायला हवं होतं. कोंडाबाई वाटेवर बसली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. मग स्वतःच्या घरचे माठ दिले.

दोन वर्षं काहीच दिसलं नाही. मला रोज वाटे की आता नवी दरखास्त जाईल, की डोह कायमचा मेला, की ही बाई उगाच माझ्यासाठी वाळीत पडल्यासारखी झाली. तिसऱ्या वर्षी पाणी जरा निवळलं. चौथ्या वर्षी, गल्लीतल्या एकानं आमच्याच डोहात जाळं टाकलं होतं, त्यात वीतभर मासा आला. त्याचा गाल मी उघडला. आत पांढरे दाणे होते. इथल्या शिंप्यांची, इथेच झालेली पोरं. मला वाटतं मी तो मासा फार वेळ धरून ठेवला असणार, कारण कोंडाबाई म्हणाली, "सोड रं आता, गुदमरंल त्यो." मी सोडला. मी वाळूतच बसलो. त्या दुपारी घरी पत्र लिहिलं, कित्येक महिन्यांनी, आणि मी बरा आहे असं लिहिताना पहिल्यांदाच खोटं वाटलं नाही.

मोठ्या शिंप्या व्हायला आणखी वर्षं गेली. तेवढ्यात गडबडीचे दिवस आले, गेले, निजामाचा अंमल संपला आणि राज्यच बदललं. आता मुलकी कोण, गैरमुलकी कोण, कुणी विचारत नाही. परवा लातूरला गेलो होतो. हुसेनचाचांना आता नीट दिसत नाही. त्यांनी करंगळी जिभेला लावली, डोळे मिटले आणि पोराला मडकी उतरवायला सांगितलं. चाचांकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

आमच्या खाडीत मात्र अजून चिखलच आहे. तिथे कुणी शिंपी उभी रोवायला गेलं नाही. वडील गेले, होडीच्या फळ्या सरपणाला गेल्या. समुद्राला रोवता येतं का, मला ठाऊक नाही. करून बघायला हवं होतं, हे मात्र ठाऊक आहे.

राहिली फणीची गोष्ट. राज्य बदलल्यावर तहसिलीतला जप्तीचा मालखाना रिकामा केला. एक दिवस शिपाई भोईगल्लीत कागद घेऊन आला: लोखंडी फणी एक नग, कोंडाबाई जौजे रामा, म्हणजे रामाची बायको, कौम भोई, हिला परत. तिनं अंगठा देऊन घेतली. आता तिच्या दारात ती फणी जमिनीत उलटी ठोकली आहे आणि तिला शेळी बांधलेली असते. कोंडाबाई आता सत्तरीची आहे. मसाजी बोलतो, पण अजून कामापुरतंच. त्याच्या मनात काकूनं गल्लीशी दगा केला तो केलाच.

हा लेख लिहितोय हे मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, त्यात काय लिहिलंस? मी म्हणालो, फणी माझी होती हे लिहिलं. ती पानाला चुना लावत होती. म्हणाली, "कागदावर काय. आमच्या गल्लीत वाचता येतं कुणाला?"

बरोबर आहे तिचं. म्हणून इथे सगळ्यांसमक्ष शब्द देतो. एक दिवस, जिथे पेशकारांची खुर्ची होती तिथेच, मसाजीच्या आणि सगळ्या गल्लीच्या समोर उभा राहून मी हे तोंडानं सांगणार आहे, आणि या खेपेला आवाज फुटेल. मग ती फणी उपटून माझ्या दारात आणून ठेवीन. माय, तुझ्या शेळीसाठी बाभळीची चांगली मेख मी आधीच तासून ठेवली आहे.